भाड्याच्या सदनिकांतील धूरसूचक यंत्रे : ब्रिटनमधील जबाबदारीच्या प्रश्नाचा इतिहास (१९९१–२०२२)

प्रस्तावना

घराला आग लागल्यावर ज्वाळा पोहोचण्यापूर्वीच धुराने माणसे गुदमरतात आणि झोपलेल्या माणसाला धुराचा वास जागे करीलच असे नाही. म्हणून घरात आवाज करून सावध करणारे यंत्र असावे, हा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. मात्र भाड्याच्या घरात ते यंत्र कोणी बसवावे व कोणी चालू ठेवावे, हा प्रश्न दीर्घकाळ अनिर्णित राहिला. प्रस्तुत लेखात ब्रिटनमधील, विशेषतः स्कॉटलंडमधील, या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

बॅटरीची मर्यादा

१९७० च्या दशकात अमेरिकेत बॅटरीवर चालणारी स्वस्त घरगुती यंत्रे मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागली आणि पुढे ती ब्रिटनमध्येही पोहोचली. त्यांचा दोष यंत्रापेक्षा वापरात होता. स्वयंपाकाच्या धुराने यंत्र वारंवार वाजू लागले की बॅटरी काढून ठेवली जाई. बॅटरी संपली की नवी घालायची राहून जाई. छताला यंत्र दिसे, पण ते मुके असे.

यावर उपाय म्हणजे यंत्राला घरातील वीजपुरवठ्याशी कायम जोडणे. या पद्धतीत पुरवठ्याच्या तारांबरोबर एक जादा तार सर्व यंत्रांना परस्परांशी जोडते. त्यामुळे एका खोलीत धूर झाला तरी सर्व यंत्रे एकाच वेळी वाजतात. वीज गेल्यास आतील राखीव बॅटरी काम करते. पुरवठा स्वतंत्र सर्किटवरून किंवा नेहमीच्या वापरातील दिव्यांच्या सर्किटवरून घेतला जातो. दुसऱ्या पर्यायामागील कारण साधे आहे : दिवे बंद पडले तर रहिवासी ते त्वरित दुरुस्त करून घेतो.

कायद्याची वाटचाल

१९९१ मध्ये ब्रिटिश संसदेने नव्या घरांसाठी धूरसूचक यंत्रांचा कायदा संमत केला. परंतु त्याची अंमलबजावणी कधीच झाली नाही. १९९२ पासून इंग्लंड व वेल्समधील इमारतविषयक नियमांनुसार नव्या घरांत वीजजोडणीची यंत्रे बसू लागली. भाड्याने दिल्या जाणाऱ्या जुन्या सदनिका मात्र या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिल्या.

१९९९ मध्ये ग्लासगो येथे तळघरातील एका भाड्याच्या सदनिकेला आग लागून दोन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. खिडक्यांना गज असल्याने त्यांना बाहेर पडता आले नाही. १ ऑक्टोबर २००० पासून स्कॉटलंडमध्ये अनेक बिऱ्हाडकरूंना एकत्र ठेवणाऱ्या घरांना परवाना सक्तीचा झाला आणि २००३ पर्यंत ही सक्ती तीन वा अधिक रहिवाशांच्या घरांपर्यंत आणली गेली. २००६ च्या गृहनिर्माण कायद्याने सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक खाजगी घरमालकावर आगीची सूचना देणारी समाधानकारक व्यवस्था ठेवण्याचे बंधन घातले. ते न पाळल्यास दाद मागण्याची सोयही भाडेकरूला मिळाली. २०१३ च्या सुधारित मार्गदर्शनात दिवाणखान्यात व जाण्यायेण्याच्या जागांत परस्परजोडणीची धूरसूचक यंत्रे आणि स्वयंपाकघरात उष्णतासूचक यंत्र, तीही वीजजोडणीचीच, अपेक्षिली गेली.

इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांनी प्रत्येक मजल्यावर यंत्र आवश्यक केले. मात्र ते वीजजोडणीचे असावे अशी अट घातली नाही. यंत्र चालू असल्याची खात्री भाडेकराराच्या पहिल्या दिवशी मालकाने करावयाची होती. त्यानंतरची नियमित तपासणी भाडेकरूकडे आली. वेल्समध्ये डिसेंबर २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्याने मात्र वीजजोडणीचाच आग्रह धरला.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ जणांचा बळी गेल्यानंतर स्कॉटलंडने हा निकष सर्वच घरांना लावला व तो १ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात वीजजोडणीबरोबर, उघडता न येणाऱ्या दीर्घकाळ टिकणाऱ्या बॅटरीचा पर्यायही मान्य झाला.

समारोप

वरवर पाहता ही बॅटरीकडे माघार वाटते. पण तत्त्व तेच राहिले. रहिवाशाच्या स्मरणशक्तीवर वा सोयीवर यंत्राचे चालणे अवलंबून असू नये, हाच दोन्ही पर्यायांचा गाभा आहे. भाडेकरू बदलतात, तार भिंतीतच राहते. म्हणून या तारेचा इतिहास हा केवळ तंत्रज्ञानाचा इतिहास नसून, भाडेकरूच्या जिवाची जबाबदारी हळूहळू घरमालकाकडे कशी सरकली याचा इतिहास ठरतो.