लोणारची नोंद कोणी केली?

बचतीची वही बाजूला ठेवा, चहा घ्या आणि थोडा वेळ आमच्याबरोबर लोणारला चला.

मागच्या थंडीत आमच्या गटांतल्या बायांची सहल लोणारला गेली. मंठ्यापासून तासाभराचा रस्ता. जिल्हा बुलढाण्याचा, मुलूख विदर्भाचा. पण आमच्यातल्या कितीतरी जणींच्या आया-आज्या नवरात्रात कमळजा देवीच्या यात्रेला इकडून पायी जायच्या. काठावर उभे राहिलो तर खाली भला मोठा गोल खड्डा, त्यात झाडी आणि मधोमध हिरवट पाणी. शेजारी पाटी होती, ‘अभयारण्य’ लिहिलेली. आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर मावशींनी पाटी वाचून घेतली आणि विचारले, “हे तर देवीचं ठिकाण. सरकारचं कधीपासून झालं गं?”

तेव्हा आम्हाला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर आम्ही पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. आजचे बोलणे म्हणजे मावशींना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

लोणारची सगळ्यात जुनी नोंद आहे ती गोष्टीत. लवणासुर नावाचा दैत्य इथे जमिनीखाली दडून राहायचा, लोकांना छळायचा. विष्णूने दैत्यसूदन होऊन त्याला मारले आणि हा खड्डा पडला. गावात दैत्यसूदनाचे कोरीव दगडी देऊळ आजही उभे आहे. गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. लवण म्हणजे मीठ. इथले पाणी खारे आहे आणि हा खड्डा साधा नाही, एवढे जुन्या लोकांनी ओळखले होते आणि विसरू नये म्हणून त्याची गोष्ट करून ठेवली होती.

दुसरी नोंद महसुलाची. अकबर बादशहाच्या काळात अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’ लिहिले. त्यात वऱ्हाडाच्या वर्णनात लोणार येते. काच आणि साबण करायला जे जे लागते ते इथे मिळते आणि त्यातून सरकारला उत्पन्न होते, अशा अर्थाची ती नोंद आहे. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर खार जमायचा. तो गोळा करायचे, वाळवायचे, विकायचे. त्या खाराच्या जातींना डल्ला, पापडी, भुस्की अशी नावे होती. साबण म्हणजे धुणे आणि काच म्हणजे बांगड्या, असे आम्ही सहलीत म्हणालो आणि सगळ्या हसल्या. पण खरेच, त्या वेळी हे सरोवर जपायची जागा नव्हती, कमाईची होती.

तिसरी नोंद इंग्रजांची. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने हे ठिकाण पाहून त्याविषयी लिहिले. मग दीडशे वर्षे वाद चालला. कोणी म्हणे हे ज्वालामुखीचे तोंड, कोणी म्हणे आकाशातून काही पडले. आपल्या विहिरी खणताना जो काळा पाषाण लागतो ना, तोच इथेही आहे. तो ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासूनच झालेला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे ज्वालामुखी म्हणणाऱ्यांचे बोलणे खोटे वाटत नव्हते. शेवटी भूशास्त्रज्ञांनी खड्ड्यात खोल छिद्रे पाडून खालचे दगड काढले. त्यांत असे खनिज सापडले, जे फार मोठ्या धक्क्यानेच काचेसारखे बनते. १९७३ मध्ये हे जगापुढे मांडले गेले आणि अशनी पडूनच हे विवर झाले, हे पक्के झाले. विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. वय आधी पन्नास हजार वर्षे मानत, २०११ च्या अभ्यासात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे निघाले. काळ्या पाषाणात अशनीने पाडलेली आणि इतकी नीट टिकलेली विवरे पृथ्वीवर अगदी थोडी आहेत. चंद्रावरची विवरे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात ते म्हणूनच.

आता मावशींचा प्रश्न. सरकारने हे कधीपासून जपायला घेतले?

आपल्या राज्यात जागा राखण्याचा इतिहास मुख्यतः जनावरांपासून सुरू होतो. १९५५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले, १९५८ मध्ये कोल्हापूरकडे गव्यांसाठी दाजीपूर अभयारण्य. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मग अभयारण्ये वाढली. आपल्या शेजारी जायकवाडीचे पक्षी अभयारण्य आणि कन्नडकडचे गौताळा, दोन्ही १९८६ ची. वाघ, गवा, पक्षी यांच्यासाठी कायदा होता. पण खड्ड्यासाठी, दगडासाठी? तसा वेगळा कायदा नव्हता.

म्हणून लोणारचे असे झाले. १९७९ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्याला राष्ट्रीय भूवारसा म्हणून मान दिला. मान मोठा, पण मानाने कुऱ्हाड थांबत नाही. ती थांबवायला वन्यजीव कायदाच लागला. २००० मध्ये विवर आणि त्याभोवतीची झाडी अभयारण्य म्हणून जाहीर झाली. सारे मिळून चार चौरस किलोमीटरही नाही. म्हणजे बघा, आभाळातून पडलेल्या दगडाची खूण वाचली ती मोर आणि वानरांच्या नावावर. पुढे २०२० मध्ये ते रामसर स्थळ झाले. रामसर हे इराणमधले गाव. तिथे १९७१ मध्ये पाणथळ जागा जपण्याचा देशोदेशींचा करार झाला, म्हणून हे नाव. महाराष्ट्रात नाशिकच्या नांदूर मधमेश्वरनंतर लोणार हे दुसरे रामसर स्थळ.

कागद झाला म्हणून सगळे भागले का? नाही. अभयारण्यात परवानगीशिवाय लाकूड तोडता येत नाही, हवे तसे गुरे चारता येत नाही. नियम बरोबर असेल. पण सरपणाची मोळी आणि शेळ्या कोणाच्या कामात येतात ते आपल्याला सांगायला नको. बंदीची झळ आधी चुलीला लागते. दुसरीकडे, मोळी थांबली तरी गावाचे सांडपाणी सरोवराकडे जात राहिले आणि ते थांबावे म्हणून नागरिकांना मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले. नियम करताना मोळीवालीला आधी अडवायचे आणि गटाराकडे नंतर बघायचे, हे आपण खूप ठिकाणी पाहिले आहे.

२०२० च्या जूनमध्ये तर पाणी एकदम गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस, मोबाईलवर फोटो फिरले, कोणी म्हणाले कोप झाला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. उन्हाने पाणी घटले, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो रंग दिला होता. पावसाचे पाणी आले की रंग गेला. पण एक शिकवण राहिली. हे पाणी जिवंत आहे, त्यात किती पाणी येते आणि कसले येते यावर त्याचे सगळे अवलंबून आहे.

मैत्रिणींनो, एवढा इतिहास सांगितला त्याला कारण आहे. लोणारची नोंद कोणी केली ते पाहा. बादशहाच्या दरबाऱ्याने, इंग्रज अधिकाऱ्याने, भूशास्त्रज्ञांनी, वन खात्याने. आणि पिढ्यान्‌पिढ्या देवीला उतरणाऱ्या, धारेचे गोडे पाणी कुठे आणि खारे कुठे हे पायांनी ओळखणाऱ्या बायांचे माहीत असणे? ते कुठल्याच कागदावर नाही.

हे आम्हाला का लागले ते सांगतो. आमच्या कामाच्या एका गावात ओढ्याकाठी करंजांची जुनी राई होती. बाया तिथे वनभोजनाला जायच्या, उन्हाळ्यात शेळ्या सावलीला बसायच्या. एका वर्षी ती तोडली गेली. आम्ही विचारायला गेलो तर समोरून प्रश्न आला, “तिथे राई होती, याची नोंद कुठे आहे?” आम्ही दहा जणी होतो. दहा जणींच्या डोळ्यांसमोर राई होती, हातात कागद नव्हता. मुकाट परत आलो.

आपल्या जालना जिल्ह्यात जंगल फारच थोडे. ताडोबा आपल्याकडे होणार नाही, लोणारही एकच. पण गायरान आहे, देवाच्या नावाने राखलेली चार झाडे आहेत, उन्हाळ्यात न आटणारा एखादा झरा आहे. त्यांच्यासाठीही कायदा आहे, २००२ चा जैवविविधता कायदा. त्याप्रमाणे गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांच्या माहितीतून भरायची लोकजैवविविधता नोंदवही असते. २००४ च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश महिला असाव्यात असे लिहिले गेले. आता खरे सांगा, तुमच्या गावच्या समितीत कोणत्या बाया आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? आम्ही विचारले तेव्हा एका गावात तर त्या बाईलाच आपले नाव समितीत असल्याचे माहीत नव्हते!

म्हणून पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारू. समिती आहे का? त्यात महिला कोण? नोंदवही कुठे ठेवली आहे? आणि ती येईपर्यंत थांबायचे नाही. हप्ते जमा झाले की बैठकीत अर्धा तास काढायचा. तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, तरोटा कुठे उगवतो, कोणत्या झाडाखाली कोणता सण होतो, कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, सारे लिहायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचे, शाळेतल्या पोरींनी लिहायचे. आमच्या सहा गटांनी सुरुवात केली आहे. पहिले पान करंजांच्या राईचे आहे. राई नाही, पण ती कुठे होती, किती झाडे होती, हे दहा जणींच्या सह्या-अंगठ्यांसह लिहिले आहे.

आणि मावशींना उत्तर असे: मावशी, ते देवीचे होतेच, सरकारचे २००० मध्ये झाले. आपले किती, ते आपण काय लिहून ठेवतो यावर आहे.

मावशी ऐकून म्हणाल्या, “मग माझ्या माहेरचा झरा आधी लिहा.” लिहिला आहे.