संगीत नाटकाचे रुपेरी रूपांतर

मराठी बोलपट वाढला तो संगीत रंगभूमीच्या मांडीवर. १९११ साली ‘मानापमाना’तील पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे हेच १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे नायक आणि संगीतकार. तेव्हा नाटकाचा बोलपट करणे सोपे ठरावयास हवे होते. तसे झाले नाही.

१९३७ मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘अमृतसिद्धी’ या नाटकावरून ‘साध्वी मीराबाई’ काढला. मीरेच्या भूमिकेत स्वतः बालगंधर्व! याहून मोठी जाहिरात कोणती? परंतु नाव प्रेक्षकाला दारापर्यंत आणते, आत बसवून ठेवीत नाही. ‘वन्समोअर’ची दाद कॅमेऱ्यापाशी नसते, आणि दुरून मोहविणारा स्त्रीवेष जवळून तसा राहत नाही. चित्रपट यशस्वी झाला नाही.

‘कट्यार काळजात घुसली’ने २०१५ मध्ये निराळा मार्ग धरला. दारव्हेकरांच्या १९६७ च्या नाटकातील अभिषेकीबुवांची पदे राखून त्यांना शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या चालींची जोड दिली. शंकर महादेवन पंडितजींच्या भूमिकेत आले. मराठीबाहेर ठाऊक असलेले हे नाव म्हणजे अर्धी जाहिरातच. उरलेली अर्धी गाण्यांनी केली. महेश काळे यांना गायनाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

आपल्यासारख्या बदलीच्या माणसांना हा प्रश्न केवळ कलेचा नाही. चंदीगडनजीकच्या या खरड गावी नाटकमंडळी क्वचितच येणार. आपली मुले संगीत नाटक ओळखतील ती बहुधा पडद्यावरूनच. म्हणून रूपांतरात काय राखले आणि काय गाळले, याचा हिशेब आपणच ठेवावयास हवा.