कुळापेक्षा कसब : डेलावेअरच्या समन्याय न्यायालयाचे न्यायाधीश

ज्ञातिसंमेलनात कोणी नवा तरुण पुढे आला की वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणाचे कोण?" दुसरा प्रश्न मागाहून येतो, "काय करता?" या दोन प्रश्नांपैकी कोणत्याला अधिक महत्त्व द्यावे, याचा निर्णय प्रत्येक समाजाला केव्हा ना केव्हा करावाच लागतो. अमेरिकेतील एका लहानशा राज्याच्या न्यायासनाने तो सव्वादोनशे वर्षांत कसकसा केला, हे सुज्ञ वाचकांपुढे थोडक्यात मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

डेलावेअर हे अवघ्या तीन परगण्यांचे राज्य. परंतु अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांपैकी निम्म्याहून अधिक कंपन्यांची नोंदणी तेथे झालेली आहे आणि त्यांच्या संचालकांचे व भागधारकांचे तंटे तेथील 'कोर्ट ऑफ चॅन्सरी' या न्यायालयापुढे चालतात. या न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशास 'चॅन्सेलर' म्हणतात. आपल्याकडे विद्यापीठाच्या कुलपतींनाही हीच संज्ञा आहे. दोहोंत गल्लत होऊ नये. चॅन्सेलरच्या हाताखालील न्यायाधीश ते 'व्हाइस चॅन्सेलर'.

समन्याय म्हणजे काय, हेही सांगितले पाहिजे. जुन्या इंग्रजी कायद्यात वाद्याला बहुधा पैशाच्या रूपाने भरपाई मिळे. परंतु विश्वस्ताने विश्वासघात केला, किंवा करार करून कोणी तो पाळण्याचे नाकारले, तर केवळ पैशाने न्याय होत नाही. अशा वेळी "हे कर" किंवा "हे करू नकोस" अशी आज्ञा देण्याचा अधिकार इंग्लंडात चॅन्सेलरकडे होता. तेथे पंच नसत; एकच न्यायाधीश वस्तुस्थितीही पाही व सद्सद्विवेकाने निर्णयही देई. अर्थातच तो न्यायाधीश कोण, कोठून आला, हा प्रश्न अशा न्यायालयात इतर कोठल्याहीपेक्षा अधिक मोलाचा ठरतो. न्यूयॉर्कने आपले चॅन्सरी न्यायालय इ. स. १८४७ मध्ये बंद केले. खुद्द इंग्लंडाने इ. स. १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी ते इतर न्यायालयांत विलीन केले. डेलावेअरने मात्र ते आजतागायत राखले.

याची स्थापना इ. स. १७९२ च्या राज्यघटनेने झाली. पहिले चॅन्सेलर विल्यम किलेन हे आयर्लंडातून आलेले गृहस्थ. ते पूर्वी राज्याचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांची जागा जॉर्ज रीड यांच्यासाठी मोकळी व्हावी व वयोवृद्ध किलेन यांचाही मान राहावा, म्हणून हे निराळे पद निर्माण झाले, असे सांगितले जाते. म्हणजे जन्मवेळी हे आसन काहीसे सोयीचे होते! त्याला खरे वजन आणले ते दुसरे चॅन्सेलर निकोलस रिजली यांनी. दहा वर्षे राज्याचे महाधिवक्ता राहिलेल्या या विद्वानाने इ. स. १८०१ पासून १८३० पर्यंत न्यायदान केले. पुढे डॅनियल बेट्स या चॅन्सेलरांनी निवृत्तीनंतर जुन्या निर्णयांचे संकलन करून ते ग्रंथरूपाने उपलब्ध केले.

एकोणिसाव्या शतकातील चॅन्सेलरांची यादी पाहिली तर दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक न्यायाधीशपदाची, दुसरी राजकारणाची. आणि या दोन्ही वाटा थोड्याच घराण्यांच्या अंगणातून जात. केन्सी जॉन्स हे पिता इ. स. १८३० मध्ये चॅन्सेलर झाले. त्यांच्यामागून १८३२ मध्ये त्याच नावाचे त्यांचे पुत्र आले व पंचवीस वर्षे त्या आसनावर राहिले. वुल्कॉट घराण्यात तर तीन पिढ्यांना हे पद लाभले : जेम्स वुल्कॉट, त्यांचे पुत्र जोसाया व नातू डॅनियल. पैकी जोसाया हे अमेरिकेच्या सिनेटचे सभासद असता इ. स. १९२१ मध्ये ती जागा सोडून चॅन्सेलर झाले. रिकाम्या झालेल्या जागेवर गव्हर्नरांनी विरुद्ध पक्षाचे कोट्यधीश कोलमन ड्यू पाँट यांस नेमले, तेव्हा हा सौदा असल्याची मोठी ओरड झाली. तथापि न्यायाधीश म्हणून जोसाया वुल्कॉट यांनी कंपनी कायद्यात कीर्ती मिळविली, हेही तितकेच खरे.

यावरून घराणे वाईट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. वकिलाच्या घरी वाढलेल्या मुलाच्या कानांवर कायद्याची भाषा बाळपणापासूनच पडते. परंतु घराणे हे आसनाजवळ नेते. आसनाला शोभा आणीत नाही. या विधानाची कसोटी एका प्रसंगी लागली.

इ. स. १८७३ ते १८९२ या काळात विलर्ड सॉल्सबरी हे चॅन्सेलर होते. यादवी युद्धाच्या काळात ते सिनेटमध्ये होते आणि गुलामगिरी नष्ट करणाऱ्या घटनादुरुस्तीच्या विरुद्ध त्यांनी मत दिले होते. त्याच आसनावर इ. स. १९५१ मध्ये कॉलिन्स साइट्झ हे विल्मिंग्टनचे तरुण कायदेपंडित आले. व्हाइस चॅन्सेलर असतानाच, इ. स. १९५० मध्ये, त्यांनी राज्याच्या विद्यापीठाचे दार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना उघडून दिले होते. पुढे दोन दावे आले. एकात, घराजवळ हायस्कूल असताना मुलांना दूर विल्मिंग्टनला जावे लागे. दुसऱ्यात, गोऱ्या मुलांची बस ज्या मुलीच्या दारावरून जाई, त्या मुलीला तीत जागा नव्हती. त्यांच्या बाजूने उभे राहिले लुई रेडिंग, राज्यातील पहिले कृष्णवर्णीय वकील. साइट्झ यांनी शाळा स्वतः जाऊन पाहिल्या. वरिष्ठ न्यायालयाचे "निराळे पण समान" हे तत्त्व मोडण्याचा अधिकार आपणांस नाही, हे त्यांनी मान्य केले. परंतु या शाळा समान नाहीत, तेव्हा मुलांना तात्काळ प्रवेश द्यावा, अशी आज्ञा त्यांनी इ. स. १९५२ च्या एप्रिलमध्ये दिली. इ. स. १९५४ च्या प्रसिद्ध निर्णयात जे पाच खटले एकत्र आले, त्यांत खालच्या न्यायालयाने मुलांना प्रत्यक्ष प्रवेश दिलेला खटला हा एकच. आसन तेच, अधिकार तोच. बसणारा बदलला आणि मुलांना शाळा मिळाली.

त्यानंतर निवडीची रीतही बदलत गेली. इ. स. १९७७ मध्ये गव्हर्नरांनी नामनिर्देशन मंडळ नेमले. तेव्हापासून योग्य उमेदवारांची यादी मंडळ करते, तीतून गव्हर्नर निवड करतात, सिनेट संमती देते आणि मुदत बारा वर्षांची असते. साहजिकच कंपनी कायद्यात मुरलेले वकील अधिक संख्येने येऊ लागले. इ. स. १९८५ मध्ये चॅन्सेलर झालेले विल्यम अॅलन हे वकिलीतून आले व पुढे प्राध्यापक झाले. लिओ स्ट्राइन हे गव्हर्नरांचे कायदा सल्लागार होते. स्त्रियांना मात्र फार वाट पाहावी लागली. कॅरोलिन बर्जर इ. स. १९८४ मध्ये पहिल्या स्त्री व्हाइस चॅन्सेलर झाल्या; कॅथलीन मॅकॉर्मिक या २०२१ मध्ये पहिल्या स्त्री चॅन्सेलर. मॅकॉर्मिक यांच्या वकिलीचा प्रारंभ गरिबांना विनामूल्य कायदेसाहाय्य देणाऱ्या संस्थेत झाला होता. त्यांच्याच पुढे २०२२ च्या जुलैमध्ये ट्विटर कंपनीने इलॉन मस्क यांना करार पाळावयास लावण्यासाठी दावा आणला, आणि ऑक्टोबरमध्ये तो व्यवहार पुरा झाला.

हाच प्रवाह आपल्या मुंबईसही आलेला आहे. इ. स. १८६१ च्या कायद्याने उच्च न्यायालयात किमान एक-तृतीयांश न्यायाधीश बॅरिस्टर व किमान एक-तृतीयांश सनदी नोकर असावेत, असे ठरविले. म्हणजे न्यायाधीश कोणत्या पेशातून यावा, हे कायद्यानेच सांगितले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग वकिलीतून त्या आसनावर गेले, इ. स. १८९३ मध्ये त्यांच्या निधनानंतर महादेव गोविंद रानडे गेले ते खालच्या न्यायालयांत दीर्घकाळ झिजून. दोघांच्या वाटा भिन्न, पण दोघांच्याही हाती शिदोरी स्वकष्टाची होती.

साइट्झ यांचे पुत्र, त्याच नावाचे, २०१९ मध्ये डेलावेअरचे मुख्य न्यायाधीश झाले. म्हणजे वंशपरंपरा संपली नाही. परंतु आता वकिलीची अनेक वर्षे व मंडळाची छाननी ओलांडूनच तिला उंबरठ्याशी येता येते. आपणही "कोणाचे कोण?" हे अवश्य विचारावे, त्यात आपुलकी आहे. पण जबाबदारीचे काम कोणाच्या हाती द्यावयाचे झाल्यास "काय करता?" आणि "कसे करता?" हे प्रश्न आधी विचारावेत. पिढ्यान्पिढ्यांच्या वडिलांनी आपणांसाठी दार उघडले असेल. आत गेल्यावर ते दुसऱ्यासाठी उघडे ठेवणे, हे मात्र ज्याचे त्याचे कर्तृत्व होय.