व्हेंटिलेटर काढावा का? इस्लामी शरीयतचे मत

'पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवा,' असे डॉक्टरांनी सांगितले की मुस्लिम कुटुंबापुढे कायद्याबरोबर शरीयतचाही प्रश्न उभा राहतो. एक जीव वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, अशी कुरआनाच्या पाचव्या अध्यायाची शिकवण आहे. त्यामुळे इंजेक्शन देऊन मृत्यू घडवणे, मग ते रुग्णाच्या विनंतीवरून का असेना, हराम मानले जाते.

उपचार थांबवणे ही मात्र निराळी बाब. बहुतेक जुन्या धर्मशास्त्रज्ञांच्या मते औषधोपचार घेणे इष्ट आहे, पण सरसकट बंधनकारक नाही. बुखारींच्या हदीससंग्रहात अपस्माराने पीडित स्त्रीची हकीगत आहे. बरे होण्यासाठी प्रार्थना, की सबुरी आणि तिच्या बदल्यात स्वर्ग, असा पर्याय पैगंबरांनी दिला असता तिने सबुरी पत्करली. औरंगजेबाच्या कारकिर्दीत संकलित झालेल्या 'फतावा-ए-आलमगिरी' या हनफी ग्रंथात तर हा भेद नेमकेपणाने येतो. अन्न सोडून मरणारा पापी ठरतो, औषध न घेता मरणारा ठरत नाही. कारण अन्नाने भूक भागते हे निश्चित, औषधाने गुण येईलच असे नाही.

व्हेंटिलेटर औषधाच्या बाजूला पडतो. १९८६ मध्ये अम्मान येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने मेंदूचे कार्य कायमचे थांबलेल्या व्यक्तीस मृत मानून यंत्र काढण्यास संमती दिली. मक्केच्या फिक्ह परिषदेने १९८७ मध्ये तीन तज्ज्ञांच्या निर्णयानंतर यंत्र काढू दिले. मात्र मृत्यू धरायचा तो श्वास व हृदय थांबल्यावरच. हा फरक केवळ शाब्दिक नव्हे. वारसाहक्क आणि विधवेची चार महिने दहा दिवसांची इद्दत त्याच क्षणापासून मोजली जाते.

दिल्लीच्या इस्लामिक फिक्ह अकादमीने २००७ मध्ये याच विषयावर विचार केला. डॉक्टरांनी आशा सोडली असेल तर वारसांना यंत्र काढता येते, असा तिचा निर्णय आहे. आशा असूनही खर्च रुग्णाच्या मालमत्तेतून वा वारसांकडून झेपत नसेल आणि अन्य मार्गही नसेल, तरीही मुभा आहे. भंडारा जिल्ह्यातील चिखल्यासारख्या मँगनीज खाणीच्या गावातून नागपूरच्या अतिदक्षता विभागात आणलेल्या रुग्णाच्या घरच्यांना हे कलम पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटेल.

खरी अडचण नळीवाटे दिल्या जाणाऱ्या अन्नाची. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून अंथरुणाला खिळलेल्या होत्या, पण व्हेंटिलेटरवर नव्हत्या. त्यांना भरवणे थांबवावे, अशी पिंकी विराणी यांची याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. रुग्णालयातील परिचारिकांचाही तिला विरोध होता. अन्न आणि औषध यांतील जुना भेद लावला तर हनफी मुफ्तीही बहुधा याच बाजूला झुकला असता. नळीवाटे दिलेले पोषण हे अन्न की उपचार, यावर मात्र आजच्या उलेमांत एकमत नाही. शानबाग २०१५ मध्ये न्यूमोनियाने वारल्या.

वेदनाशामकांबाबत फारसा वाद नाही. हेतू वेदना कमी करण्याचा असेल तर मॉर्फिनही चालते.

२०१८ च्या निकालाने इच्छापत्रास मान्यता दिली आणि २०२३ मध्ये न्यायालयाने पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते साक्षांकित करून घेता येते. व्हेंटिलेटर नको, पण अन्नपाणी थांबवू नये, असे मुस्लिम व्यक्तीला त्यात स्पष्ट लिहून ठेवता येते.