आधी दात, मग मूळ

दात पडलेल्या आजीसाठी भाकरी वरणात कुस्करायची आणि विडा खलबत्त्यात कुटून द्यायचा, ही मराठवाड्यातल्या घरांची जुनी रीत. दातांचा इलाज इथं उशिराच पोचला. मार्च 1948 मध्ये भारतात दंतवैद्यांचा कायदा झाला तेव्हा नांदेडकडची उमरी निजामाच्या राज्यात होती. ती भारतात आली सप्टेंबरात. मराठवाड्याला सरकारी दंत महाविद्यालय मिळालं ते थेट 1982 साली, औरंगाबादला.

त्याच वर्षी टोरांटोत झालेल्या दंतवैद्यकाच्या परिषदेनंतर पेर-इंगवार ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकाचं काम जगभर मान्य होऊ लागलं. 1952 च्या सुमारास त्यांनी सशाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. अभ्यास संपल्यावर ते काढायला गेले, तर हाड त्याला सोडेना! 1965 मध्ये गोटेनबर्गला पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असं धातूचं मूळ बसलं.

तरी एक अडचण उरलीच. हिरडी उघडायची, हाड जिथं भरीव दिसेल तिथं मुळाचा स्क्रू बसवायचा आणि मग त्याच्यावर दात कसा बसतो ते पाहायचं, असाच क्रम बरीच वर्षं चालला. मूळ तिरपं गेलं की दातही तिरपा. खालच्या जबड्यात तर नस जवळ असते; तिला धक्का लागला की ओठ बधिर होतो.

संगणकाने हा क्रमच उलटा केला, आणि या विद्येतली सगळ्यांत मोठी सुधारणा हीच. 1985 मध्ये झुरिचला मॉर्मन आणि ब्रँडेस्टिनी यांच्या यंत्राने दातात बसवायचा तुकडा रुग्णासमोरच कोरून दिला. 1990 च्या दशकाअखेरी इटलीतून जबड्याची त्रिमितीय छबी घेणारं कोन-बीम यंत्र आलं. ही छबी आणि तोंडाचा स्कॅन पडद्यावर एकमेकांवर बसवले, की आधी हवा तो दात आखता येतो. त्याच्याखाली मूळ कुठं आणि किती खोल जावं, नसेपासून दोनेक मिलिमीटर अंतर कसं राखावं, हे नंतर ठरतं. त्या आखणीवरून छापलेली पट्टी दातांवर चढवतात. ड्रिल तिच्या भोकातूनच उतरतं.

मुळावर बसणारी दाताची कॅप कशी बनते, तेही पाहण्यासारखं. झिर्कोनियाची चकती सुरुवातीला खडूसारखी मऊ असते. यंत्र तिच्यातून दात कोरतं, तो हव्या मापापेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने मोठा. मग सुमारे 1500 अंशांच्या भट्टीत तो आकसतो आणि बरोबर मापावर येतो. आकसण्याचा हिशेब कोरण्याआधीच मांडलेला असतो.

पूर्वी मापासाठी रबरी वाटीत कालवलेला लगदा ट्रेमध्ये भरून तोंडात धरावा लागे, उबळ आली तरी. आज उमरीहून मुदखेडमार्गे नांदेडला आलेल्या रुग्णाच्या तोंडात स्कॅनरची कांडी फिरली, की माप फाइल होऊन प्रयोगशाळेकडे जातं. रुग्णाला मात्र हाड मूळ धरेपर्यंत काही महिने थांबावंच लागतं. शेवटी कॅप बसवताना डॉक्टर दातांमध्ये रंगीत कागद धरून म्हणतात, “चावा. आता घासा.” जिथं डाग गडद उमटतो, तेवढा भाग ते हातानेच घासून काढतात.