एका अंकाचा इतिहास: ब्राउझरमधील कुकी आणि मूळ सेटिंग

१/ फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये ‘अबाऊट:कॉन्फिग’ लिहिले की आधी सावधगिरीची सूचना येते. ती स्वीकारून ‘नेटवर्क.कुकी.कुकीबिहेवियर’ ही नोंद शोधावी. समोर केवळ एक अंक दिसतो. ० म्हणजे सर्व कुकींना मुभा, १ म्हणजे त्रयस्थ कुकींना बंदी, २ म्हणजे सर्वांनाच बंदी. हा अंक कोणी ठरवायचा, या वादाचा हा धागा.

२/ १९९४. वेबला स्मरणशक्ती नव्हती. प्रत्येक नव्या पानावर वाचक सर्व्हरला अनोळखीच असे. मग ऑनलाइन दुकानातील खरेदीची टोपली लक्षात कशी राहणार? नेटस्केपचे अभियंता लू माँटुली यांनी उपाय काढला: संकेतस्थळाने वाचकाच्याच संगणकात एक छोटी नोंद ठेवायची. तीच कुकी.

३/ प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा ओळखक्रमांक देणे सोपे होते. परंतु त्यामुळे माणसाचा माग काढता आला असता, म्हणून माँटुलींनी तो मार्ग नाकारला. ज्याची कुकी, त्यालाच ती वाचता येईल असा नियम केला.

४/ पळवाट तरीही राहिली. पान एका सर्व्हरवरून येते, त्यातील जाहिरातीचे चित्र दुसऱ्या. तीच जाहिरात कंपनी शेकडो संकेतस्थळांवर असेल, तर तिची कुकी वाचकाला सर्वत्र ओळखते. फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ने कुकींविषयी लिहिले, तेव्हा हा विषय सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला.

५/ फेब्रुवारी १९९७. डेव्हिड क्रिस्टोल आणि माँटुली यांनी लिहिलेले ‘आरएफसी २१०९’ हे मानक प्रसिद्ध झाले. त्रयस्थ कुकींची मुभा मुळात बंद असावी, असे त्यात स्पष्ट होते. जाहिरात कंपन्यांनी विरोध केला. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ती अट पाळली नाही.

६/ नेटस्केप ४ मध्ये त्रयस्थ कुकी नाकारण्याचा पर्याय होता. पण मूळ सेटिंग ‘सर्व स्वीकारा’ असेच. प्रत्येक कुकीपूर्वी विचारणा करण्याचीही सोय होती, मात्र दर पानाला उघडणाऱ्या चौकटींनी वाचन अशक्य होई. मानकाने ब्राउझरकर्त्यांवर टाकलेली जबाबदारी अशा रीतीने वाचकाच्या माथी आली. आणि बहुतेक वाचक सेटिंग कधी उघडतच नाहीत.

७/ पुढे बाजू पालटू लागली. २००३ मध्ये आलेल्या सफारीने त्रयस्थ कुकींवरील निर्बंध हीच मूळ स्थिती मानली. २०२० मध्ये बंदी पूर्ण केली. फायरफॉक्सने २०१९ मध्ये ज्ञात माग काढणाऱ्यांच्या कुकी अडवल्या आणि २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी कुकींची वेगळी बरणी केली. म्हणून आज तिथे सहसा ५ हा अंक दिसतो. जाहिरातींवर चालणाऱ्या गूगलने क्रोममधून त्रयस्थ कुकी हटवण्याची घोषणा २०२० मध्ये केली आणि २०२४ मध्ये ती मागे घेतली.

८/ इतिहासाचा विद्यार्थी ताम्रपट वाचताना दान कोणी दिले, कोणाला दिले आणि खर्च कोणाच्या माथी पडला, हे पाहतो. मूळ सेटिंगही तशीच वाचावी. १९९७ मध्ये कागदावर वाचकाचे हित लिहिले गेले होते. ते अमलात यायला दोन दशके लागली, आणि क्रोममध्ये अजूनही ते वाचकालाच सेटिंगमध्ये जाऊन मिळवावे लागते.