सुकाणूचा पाठभेद

हस्तलिखितांच्या संपादनाविषयी वर्गात बोलताना ‘लुप्त पाठ’ ही कल्पना विद्यार्थ्यांच्या गळी उतरवणे अवघड जाते. पानाचा कोपरा वाळवीने खाल्लेला असतो, तिथले शब्द गेलेले असतात. मागचेपुढचे शब्द, छंद आणि इतर पोथ्या यांच्या आधाराने संपादक ती जागा भरतो. एवढे सांगून होते. पण त्या भरण्यात जोखीम कसली असते, हे नुसत्या व्याख्येने पोचत नाही. मला स्वतःला ते नीट उमगले कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लेथच्या कारखान्यात, एका जुन्या फोर्ड ट्रकचे स्टिअरिंग तयार होताना.

ट्रक आमच्या एका परिचितांचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला, त्यांच्या वडिलांनी घेतलेला आणि पुढे कित्येक वर्षे शेडमध्ये पडून राहिलेला. इंजिन सुरू झाले, पण स्टिअरिंगच्या चाकाला तडे गेले होते, त्याचा मधला गाभा, म्हणजे बॉस, झिजून सैल झाला होता आणि हॉर्नच्या बटणाची टोपी तर नाहीशीच झाली होती. हे भाग मिळण्याची आशा नव्हती. ते घडवावेच लागणार होते. त्या निमित्ताने मी या चाकाचा इतिहास धुंडाळू लागलो आणि एका साध्या वस्तूत किती काळ साठलेला असतो, ते दिसत गेले.

‘सुकाणू’ हा शब्द आपल्याकडे अरबी ‘सुक्कान’वरून, समुद्रमार्गाने आला. इंग्रजीतल्या ‘स्टिअर’ या क्रियापदाचे नातेही जुन्या भाषेतल्या जहाजाच्या सुकाणूशीच आहे. म्हणजे जमिनीवरची गाडी वळवण्याची भाषा दोन्हीकडे पाण्यावरून आलेली आहे. वस्तूचेही तसेच. आरंभीच्या मोटारींना चाक नव्हते. होडीच्या सुकाणूला असतो तसा आडवा दांडा होता. १८९४च्या पॅरिस-रुआँ शर्यतीत आल्फ्रेड वाशरॉन याने आपल्या पानार मोटारीला दांड्याऐवजी चाक बसवले, आणि १८९८पासून पानार कंपनीने ते आपल्या गाड्यांना सरसकट द्यायला सुरुवात केली. वेग वाढला तसा दांडा धोक्याचा ठरू लागला होता; खड्ड्यातला धक्का थेट हातात येई आणि जराशा हिसक्याने गाडी भलतीकडे वळे. चाक आणि त्याखालचे दंतचक्र यांमुळे हाताची मोठी हालचाल पुढच्या चाकांपर्यंत लहान होऊन पोचू लागली.

ट्रकचे स्टिअरिंग थोराड का असते, याचे उत्तरही याच गणितात आहे. चाकाची त्रिज्या जितकी मोठी, तितके कमी बळ पुरते. हायड्रॉलिक मदतीचे स्टिअरिंग विक्रीच्या मोटारीत आले ते १९५१मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. त्यापूर्वीच्या आणि त्यानंतरच्याही कित्येक ट्रकचालकांनी भरल्या गाडीचे ओझे खांद्यांच्या जोरावरच वळवले. कड्याच्या आत पोलादी सळई, तिच्यावर कठीण रबराचे किंवा प्लास्टिकचे आवरण. हे आवरण वर्षानुवर्षे उन्हाने आकसते. आतले पोलाद आकसत नाही. मग आवरणाला तडे जातात. हा तडा अपघाताचा नसतो. दोन पदार्थांनी एकाच काळाला दिलेली ती दोन वेगवेगळी उत्तरे असतात.

असे ट्रक आपल्याकडे आले कसे? मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८मध्ये गाड्यांची जुळणी सुरू केली होती. महायुद्धात एकट्या कॅनडाने आठ लाखांहून अधिक लष्करी वाहने बनवली आणि त्यांतली पुष्कळशी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची, ब्रिटिश साम्राज्याच्या फौजांसाठी होती. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेली वाहने ‘डिस्पोजलचा माल’ म्हणून विकली गेली आणि मालवाहतुकीला लागली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस.टी. धावली. त्या सुरुवातीच्या काळात तिच्या ताफ्यात शेवरोले, फोर्डसन, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा अनेक जातींच्या गाड्या होत्या. १९५३मध्ये जकात आयोगाने देशातच टप्प्याटप्प्याने उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना प्राधान्य देण्याची शिफारस केली. परदेशी जुळणी-कारखाने उठले. १९५४ साली शिवडीचा कारखानाही बंद झाला. गाड्या मात्र राहिल्या. कंपनी गेल्यावर त्या गाड्या चालत्या ठेवण्याचे काम ज्यांच्याकडे आले, ते आमचे मेस्त्री. औद्योगिक इतिहासाच्या ग्रंथांत कारखानदार असतात, करार असतात, आयोग असतात. हे प्रकरण सहसा नसते.

मेस्त्रींनी पहिल्या दिवशी चाक हातात घेतले नाही. त्यांनी दांड्याच्या टोकाचा नट सोडवला, बोटांत फिरवून पाहिला आणि म्हणाले, “सर, हा नट ह्या दांड्याचा न्हाई.” कुणीतरी पूर्वी ब्रिटिश आट्यांचा नट अमेरिकी आट्यांवर जबरदस्तीने चढवला होता. ब्रिटनमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले, त्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४मध्ये ६० अंशांचा कोन पुढे आणला. अर्धा इंच जाडीच्या बोल्टावर व्हिटवर्थचे आटे इंचाला १२, तर अमेरिकी १३. डोळ्यांना फरक दिसत नाही. नट दोन फेरे जातो आणि मग अडतो. महायुद्धात एकाच बाजूने लढणाऱ्या देशांचे नटबोल्ट एकमेकांना बसेनात, तेव्हा १९४८मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एक समान प्रमाण मान्य केले. आपल्याकडे १९५६च्या कायद्याने दशमान मापे आली. पण जुनी गाडी या कुठल्याच कायद्याची वाट पाहत नव्हती. तिच्या दांड्यावर एका परंपरेचे आटे होते आणि नट दुसऱ्या परंपरेचा. एका शाखेच्या पोथीत दुसऱ्या शाखेचा पाठ घुसावा, तसा हा प्रकार. मेस्त्रींनी बिघडलेले आटे दुरुस्त केले आणि नवा नट दांड्याच्या मापाचा केला.

खरा प्रश्न बॉसचा होता. दांड्याचे टोक निमुळते, त्यावर अर्धचंद्राकृती चावी आणि वरून नट, अशी ती रचना. मालकांना बॉस अ‍ॅल्युमिनियमचा, ओतीव हवा होता. दिसायला देखणा आणि हलका. मेस्त्रींनी ठाम नकार दिला. ओतकामात आत पोकळी राहून गेली, तर ती बाहेरून दिसत नाही, आणि या जागेवर माणसाचा जीव टांगलेला असतो. टोपी हवी तर ओतीव करू, बॉस मात्र पोलादाच्या गोल कांबीतूनच काढायचा, असा त्यांचा निवाडा झाला. जुन्या चाकाच्या पोलादी आऱ्या शाबूत होत्या. त्या नव्या बॉसला जोडायच्या ठरल्या.

लेथवर निमुळते भोक काढल्यावर त्यांनी दांड्याच्या टोकाला निळ्या रंगाचा पातळ हात दिला, बॉस बसवून किंचित फिरवला आणि काढला. जिथे निळा रंग उमटला, तिथेच दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकत होते. पहिल्या खेपेस रंग फक्त वरच्या कडेला उमटला. पुन्हा लेथ, पुन्हा रंग. चौथ्या खेपेस सगळीकडे सारखा निळा उमटला, तेव्हा ते थांबले. चावीबद्दल मी विचारले, तर म्हणाले, “चावी नुसती जागा दावती. ओढ सगळी टेपर घेतो.” नंतर आऱ्या जोडून त्यांनी चाक लेथवर सावकाश फिरवले आणि कडे कुठे डुलते का, ते पाहिले. कड्याच्या तड्यांवर वरवर लांबी भरली नाही. प्रत्येक तडा कानशीने आधी रुंद केला, आतला गंज खरवडला, मग दोन भाग मिसळून तयार होणारा इपॉक्सी भरून घासून काढला. बुजवण्याआधी उघडावे लागते, हे संपादकालाही ठाऊक असते.

हॉर्नच्या टोपीसाठी मूळ वस्तू समोर नव्हती. मालकांकडे एक जुने छायाचित्र होते आणि स्तंभावर टोपी टेकत असे त्या जागेची गोल खूण होती. खुणेवरून व्यास मिळाला, छायाचित्रावरून उंचीचे प्रमाण. लाकडी नमुना करताना तो फुटाला सव्वा सूत मोठा धरला. अ‍ॅल्युमिनियम थंड होताना तेवढे आकसते. बिडाला फुटाला एक सूत पुरते. एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा हा हिशेब मेस्त्रींनी कागदावर मांडला नाही.

काम संपताना त्यांनी एक गोष्ट केली, तिच्यासाठी हा लेख लिहीत आहे. बॉसच्या आतल्या अंगाला, बसवल्यावर दिसणार नाही अशा जागी, त्यांनी पंचाने सालाचे आकडे ठोकले. मालकांना ते रुचले नाही. गाडी जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात न्यायची होती; सगळे मूळचे वाटावे, अशी त्यांची इच्छा होती. मेस्त्री म्हणाले, “उद्या कुणी खोललं तर त्याला कळाय पायजे, हे कंपनीचं न्हाई. न्हाईतर तो ह्याच्यावरनंच माप घेईल.”

पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, जिथे पाठ निश्चित नव्हता, तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ छापली. त्या रेघेचा अर्थ मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो: इथे शंकेला जागा आहे, पुढच्याने हे ध्यानात ठेवावे. पण अनुमानाने भरलेली जागा उद्या मूळ म्हणून नकलली जाईल आणि एका संपादकाची चूक पुढच्या सगळ्या प्रतींची परंपरा होऊन बसेल, ही भीती मला इतक्या सोप्या शब्दांत कधी सांगता आली नव्हती.

परंपरेविषयी आपल्याकडे दोन टोकांची भाषा ऐकू येते. जुने आहे तसेच हवे, ही एक. जुने टाकून द्या, ही दुसरी. त्या ट्रकचे चाक दोन्हींत बसत नाही. त्याचे कडे जुने, बॉस नवा, टोपी तर छायाचित्रावरून अनुमानलेली. तरीही ते त्याच गाडीचे आहे, कारण प्रत्येक नवा भाग जुन्या भागाच्या मापाला बांधलेला आहे आणि जिथे माप नव्हते, तिथे घडवणाऱ्याने आपली खूण सोडली आहे.

आता विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना मी सुखठणकरांच्या आधी या बॉसची गोष्ट सांगतो. मेस्त्रींची मापे कुठल्या वहीत नाहीत. त्यांच्या हाताखाली सध्या कुणी शिकणाराही नाही. त्या बॉसच्या आतल्या अंगाला ठोकलेले चार आकडे एवढाच त्यांच्या कामाचा लेखी पुरावा आहे, आणि तो वाचण्यासाठी कुणालातरी ते चाक पुन्हा खोलावे लागेल.